उद्या येतायत

छोटं पितळी कुलूप. दाराखाली सारायची रबरी पाचर
(कशाला, असं दुकानदारानं विचारलं. म्हटलं, वाऱ्यानं आपटतं).
सेफ्टी पिना सात. शिट्टी.
आधारच्या झेरॉक्स तीन: एक पर्समध्ये, एक बुटाच्या तळाशी,
एक भावाकडे, त्यानंच मागून घेतली
आणि वर म्हणाला, ते घाल गळ्यात.
तिकडे कोण बघायला येतंय तुझा निकाल.

सहा वर्षं हिंगाच्या रिकाम्या डबीत होतं ते.
मण्यांना अजून वास.
बॅगेत टॉर्चच्या शेजारी ठेवलं आणि
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
त्याची जागा बरोबर वाटली.

चिपळूणला एसटी बदलली. ड्रायव्हरच्या मागची सीट,
बॅग पायांत, पट्टा घोट्याभोवती.
गुहागर स्टँडवर विचारून घेतलं,
असगोलीची शेवटची गाडी किती वाजता, आणि चुकली तर?
चुकली तर सकाळची, कंट्रोलर म्हणाला.
तो हसला नाही, हे मी लक्षात ठेवलं.

खोली बंदराच्या वर, जांभ्याच्या बारा पायऱ्या.
सुरंगा वासावे, साठीपुढची, मनगटापर्यंत खवले चिकटलेले.
रजिस्टर म्हणजे नातवाची गणिताची वही:
नाव, गाव, माणसं किती.
लिहिता लिहिता तिनं मान वर केली,
मालक?
माझा हात आपोआप गळ्याकडे.
"उद्या येतायत."

मग वाढतच गेलं ते खोटं.
उशा दोन आल्या. तांबे दोन.
रात्री दोन बांगडे तळले, चार मिठात लावून ठेवले, उद्याला.
तिखट चालतं ना त्यांना?
आठवेना. खरंच आठवेना मला.
म्हटलं, काहीही चालतं
(काहीही चालायचं नाही त्याला).

दाराची कडी अर्धीच बसायची.
पाचर सारली, तर ती सारवलेल्या जमिनीवर नुसती घसरत राहिली.
दुकानदारानं फरशी धरली होती मनात. मीही.
मग खुर्ची लावली, खुर्चीवर बॅग,
बॅगेवर स्टीलचा डबा, कुणी ढकललं तर वाजेल म्हणून,
आणि जागी राहिले.
समुद्र दार ढकलल्यासारखा,
मग न ढकलल्यासारखा.

दीडच्या सुमाराला डबा पडला.
माझ्या तोंडातून आवाजच फुटला नाही,
शिट्टी बॅगेत, बॅग जमिनीवर.
बाहेरून लगेच, झोपेचा लवलेश नसलेला आवाज:
"काय गो? मांजार काय?"
मांजरच होतं.
म्हणजे ती ओट्यावर निजली होती. माझ्या दाराशी,
गोधडीवर, उशाला कोयती.

दार उघडलं. तिनं खुर्ची पाहिली, पाचर पाहिली, मग माझा गळा.
"एकट्या येतत त्या सगळ्यांचे मालक उद्याच येतत," म्हणाली.
"अजून एकाचा पाय लागला नाय ह्या पायरीला.
वहीत मी एकच लिवलंय."
आत गेली, वरवंटा घेऊन आली.
"ह्यो लाव. रबर हितं काय कामाचा नाय."

वरवंट्याला वाटलेल्या खोबऱ्याचा वास होता.
मी झोपले, कूस न बदलता.

सकाळी ओहोटीच्या पुळणीवर शिट्टी वाजवून बघितली,
एकदा, जोरात.
तीन कुत्री धावत आली, आणि दूर होडीत
जाळं ओढणाऱ्या कुणीतरी हात वर केला.
त्यांचे चारही बांगडे आम्ही दोघींनीच खाल्ले.
डोकीसुद्धा.

बॅग भरताना पाचर राहिली तिथं, मुद्दाम की विसरून
कोण जाणे. आमसुलं मात्र अर्धा किलो वाढली.
मणी पुन्हा टॉर्चशेजारी.
धोपाव्याहून तर, पलीकडे दाभोळ, मग हर्णै,
पोचेपर्यंत अंधार पडेल.
तिथं सुरंगा नसली
तर ते उद्या येतायत.